पगार (शब्द)

पगार हे मराठी भाषेतील पुल्लिंगी नाम असून, केलेल्या कामाबद्दल ठरावीक मुदतीने, बहुधा दरमहा, मिळणारा मोबदला असा त्याचा अर्थ आहे. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'पगार' (पैसे देणे, चुकते करणे) या क्रियापदावरून मराठीत आला. स्पॅनिश भाषेतही हेच क्रियापद याच रूपात आणि याच अर्थाने प्रचलित आहे. दोन्ही भाषांतील क्रियापदांचे मूळ 'पाकारे' या लॅटिन क्रियापदात असून त्याचा मूळ अर्थ 'शांत करणे' असा होता. इंग्रजीतील पे, पीस, अपीज, पॅसिफाय आणि पॅसिफिक हे शब्द त्याच कुळातील आहेत.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या इतिहासात या शब्दाला विशेष संदर्भ आहे. डहाणूचा किनारा सुमारे दीडशे वर्षे पोर्तुगीज अंमलाखाली होता. याच परिसरात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वारली शेतमजुरांना वेठीला धरण्याची प्रथा टिकून होती आणि कामाचा रोख मोबदला मिळावा ही १९४५ च्या वारली उठावाची एक प्रमुख मागणी होती.

## लॅटिन मूळ

लॅटिनमध्ये 'पाक्स' (षष्ठी विभक्तीत 'पाकिस') म्हणजे शांतता, तह. या नामापासून 'पाकारे' हे क्रियापद तयार झाले. अभिजात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'शांतता प्रस्थापित करणे' असा असला, तरी ती शांतता बहुधा जेत्याने लादलेली असे. एखादा प्रांत जिंकून रोमन सत्तेखाली आणणे, समुद्रावरील चाच्यांचा बंदोबस्त करणे अशा कृत्यांसाठी हे क्रियापद वापरले जाई. सम्राट ऑगस्टस याने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त शिलांवर कोरविला, त्यात गॉल आणि हिस्पानिया हे प्रांत शांत केल्याचा उल्लेख याच क्रियापदाने केला आहे.

पैसे देण्याच्या क्रियेसाठी अभिजात लॅटिनमध्ये वेगळी क्रियापदे होती. त्यांपैकी 'सोल्वेरे' म्हणजे सोडवणे, मोकळे करणे. ऋणाच्या बंधनातून मोकळे होणे हा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. मराठीतील 'गहाण सोडवणे' या प्रयोगामागील कल्पना अशीच आहे. दुसरे क्रियापद 'पेंदेरे' म्हणजे तोलणे, वजन करणे. धातू तोलून देण्याच्या काळाची खूण त्यात उरली आहे. मराठीत इंग्रजीमार्फत आलेला 'पेन्शन' हा शब्द याच क्रियापदापासून निघाला आहे. म्हणजे नोकरी चालू असताना मिळणारा पगार आणि नोकरी संपल्यावर मिळणारे पेन्शन हे दोन्ही शब्द लॅटिन क्रियापदांवरून आलेले आहेत, मात्र ती क्रियापदे भिन्न आहेत.

उत्तरकालीन आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'पाकारे' या क्रियापदाचा अर्थ बदलला. शत्रूला शांत करणे, मग तक्रारदाराला शांत करणे, आणि शेवटी धनकोचे समाधान करणे, म्हणजेच त्याचे देणे देऊन टाकणे, असा हा अर्थविस्तार झाला. देणे चुकते झाले की धनकोची मागणी संपते आणि दोन्ही पक्षांत भांडणाचे कारण उरत नाही, ही कल्पना या बदलाच्या मुळाशी आहे.

## अर्थबदलाची समांतर उदाहरणे

शांतता आणि देणे यांची सांगड घालणारी भाषा केवळ लॅटिनच नाही. मराठीतील 'भागवणे' हे क्रियापद तहान व भूक यांसाठी वापरले जाते तसेच ते देण्यांसाठीही वापरले जाते. 'तहान भागवली' म्हणजे शमवली आणि 'देणी भागवली' म्हणजे चुकती केली. हिब्रू भाषेत शांतता या अर्थाचा 'शालोम' आणि फेडणे या अर्थाचे 'शिलेम' हे क्रियापद एकाच त्रिवर्णी धातूपासून बनले आहेत. लॅटिनमधील 'क्विएतुस' (शांत, निवांत) या शब्दापासून इंग्रजीत 'क्वायट' हा शब्द आला आणि ऋणातून किंवा आरोपातून मोकळे होण्याशी संबंधित 'क्विट' व 'अॅक्विट' हे शब्दही आले. नोकरी सोडताना मालकाने कामगाराचा सर्व हिशोब पुरा करून दिलेल्या रकमेला स्पॅनिशमध्ये 'फिनिकितो' म्हणतात; त्यातील उत्तरपदही याच 'क्विएतुस'चे आहे.

## ध्वनिबदल

'पाकारे'चे 'पगार' होताना दोन बदल झाले. पहिला बदल असा की, शब्दाच्या अखेरचा 'ए' हा स्वर स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत लोपला. दुसरा बदल असा की, दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या 'क' या अघोष व्यंजनाचे 'ग' या घोष व्यंजनात रूपांतर झाले. इबेरियन द्वीपकल्पातील भाषांत हा बदल नियमित आहे:

- लॅटिन 'अमीकुस' (मित्र): स्पॅनिश व पोर्तुगीज 'अमीगो'
- लॅटिन 'लाकुस' (तळे): स्पॅनिश व पोर्तुगीज 'लागो'
- लॅटिन 'सेकूरुस' (निर्धास्त): स्पॅनिश व पोर्तुगीज 'सेगूरो'

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना हा बदल परिचित आहे. संस्कृतमधील स्वरमध्यस्थ 'क' प्राकृतांत 'ग' झाला किंवा लोपला. संस्कृत 'लोक' या शब्दाची 'लोग' आणि 'लोय' ही रूपे अर्धमागधीत आढळतात, तर माहाराष्ट्री प्राकृतात 'लोअ' असे रूप मिळते. हिंदीतील 'लोग' आणि मराठीत 'प्रकट'च्या जोडीने वापरले जाणारे 'प्रगट' ही त्याच प्रवृत्तीची उदाहरणे होत. फ्रेंच भाषेने हा बदल पुढच्या टप्प्यापर्यंत नेला. तेथे 'क' चा 'ग' आणि पुढे 'य' होऊन 'पेये' हे रूप सिद्ध झाले. 'लोक', 'लोग', 'लोय' या मालिकेशी ही वाटचाल जुळते.

रोमान्स भाषांतील प्रमुख रूपे पुढीलप्रमाणे आहेत:

- स्पॅनिश, पोर्तुगीज, कातालान, ऑक्सितान: पगार
- इटालियन: पगारे
- फ्रेंच: पेये
- रोमानियन: इम्पका

यांपैकी रोमानियन रूप उपसर्गयुक्त असून त्याचा अर्थ आजही 'समेट घडवणे' असाच आहे. पैसे देण्यासाठी रोमानियन भाषेने स्लाव भाषांतून दुसरा शब्द घेतला. यावरून 'पैसे देणे' हा अर्थ पश्चिमेकडील रोमान्स भाषांत रुजला, पूर्वेकडे रुजला नाही, असे दिसते.

## स्पॅनिशमधील क्रियापद

स्पॅनिशमध्ये 'पगार' हे पहिल्या गणातील, म्हणजे 'आर' या प्रत्ययाने संपणारे, नियमित क्रियापद आहे. 'पागो' म्हणजे मी देतो, 'पागा' म्हणजे तो किंवा ती देते आणि 'पगामोस' म्हणजे आम्ही देतो. भूतकाळात 'मी दिले' या अर्थाचे रूप लिहिताना 'ग' नंतर एक अनुच्चारित 'उ' घालावा लागतो, कारण स्पॅनिश लेखनात 'ए' या स्वराच्या आधी आलेल्या त्या अक्षराचा उच्चार 'ग' असा होत नाही. हा बदल केवळ लेखनातला आहे. उच्चार नियमितच राहतो.

या क्रियापदापासून अनेक शब्द तयार झाले आहेत. 'पागा' म्हणजे मजुरी किंवा वेतन, 'पागो' म्हणजे केलेली भरपाई आणि 'पगादोर' म्हणजे पैसे देणारा. 'पगारे' या शब्दाचा शब्दशः अर्थ 'मी देईन' असा आहे. क्रियापदाचे हे भविष्यकाळी रूपच वचनचिठ्ठीचे नाव बनले.

जुना अर्थ काही शब्दांत टिकून आहे. बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकाळातील 'सिदचे काव्य' या वीरकाव्यात 'पगादो' हे विशेषण 'संतुष्ट' या अर्थाने येते. आजच्या स्पॅनिशमध्येही स्वतःवर खूश असलेल्या माणसाचे वर्णन या विशेषणाने केले जाते. 'अपगार' या क्रियापदाचा अर्थ विझवणे, दिवा मालवणे असा आहे. आग 'शांत करणे' हा त्याचा मूळ भाव आहे. मराठीतही आग किंवा चूल शांत झाली असे म्हटले जाते. पोर्तुगीजमध्ये 'अपगार' हे क्रियापद विझवणे आणि पुसून टाकणे या दोन्ही अर्थांनी वापरले जाते.

## इंग्रजीतील सजातीय शब्द

इंग्रजीतील 'पे' हा शब्द लॅटिनमधून थेट आला नाही. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये रुजलेल्या जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत शिरला. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'खूश करणे, समाधान करणे' असाही होता. पुढे तो अर्थ लोपला आणि केवळ पैसे देण्याचा अर्थ उरला. या कुळातील इतर इंग्रजी शब्द असे:

- पीस: शांतता. 'पाक्स' या नामाचे जुन्या फ्रेंचमार्गे आलेले रूप.
- अपीज: मनधरणी करून शांत करणे. हाही फ्रेंचमार्गे आलेला शब्द.
- पॅसिफाय: शांत करणे. 'पाक्स' आणि 'करणे' या अर्थाचा धातू यांचा समास.
- पॅसिफिक: शांत. १५२० मध्ये मॅगेलनने ज्या महासागराला शांत म्हटले, त्याच्या मराठी नावातही हाच अर्थ अनुवादित झाला आहे.
- पॅक्ट: करार. 'पाक्स'शी संबंधित 'पाकिस्की' (करार करणे) या क्रियापदापासून.

'पाक्स' या शब्दाचा इंडो-युरोपीय धातू 'घट्ट बसवणे, जोडणे, बांधणे' या अर्थाचा मानला जातो. तह किंवा करार म्हणजे दोन पक्षांना बांधणारी गोष्ट, असा त्यामागील भाव आहे. संस्कृतमधील 'पाश' (दोर, फास, बंधन) हा शब्द याच धातूचा मानला जातो. त्यामुळे मराठीतील 'पाश' हा तत्सम शब्द आणि 'पगार' हा परका शब्द यांचे मूळ फार दूरच्या भूतकाळात एक ठरते.

येथे सजातीय शब्द आणि उसनवार शब्द यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. एकाच मूळ शब्दापासून निरनिराळ्या भाषांत परंपरेने उतरलेले शब्द सजातीय होत. स्पॅनिश आणि पोर्तुगीज 'पगार' तसेच फ्रेंच 'पेये' हे परस्परांचे सजातीय शब्द आहेत. मराठी 'पगार' हा मात्र त्यांचा सजातीय नव्हे, तर पोर्तुगीजमधून घेतलेला उसनवार शब्द आहे. इंग्रजी 'पे' हाही काटेकोर अर्थाने फ्रेंचमधून घेतलेला शब्द आहे. तथापि अंतिम मूळ एक असल्याने सामान्य व्यवहारात त्याला स्पॅनिश शब्दाचा सजातीय म्हटले जाते.

आधुनिक मराठीत इंग्रजीतून 'पेमेंट', 'पे स्लिप' आणि 'पे कमिशन' हे शब्दही आले. परिणामी एकच लॅटिन क्रियापद मराठीत दोन वाटांनी पोहोचले आहे: पोर्तुगीजमार्गे 'पगार' या रूपात आणि फ्रेंच-इंग्रजीमार्गे 'पे' या रूपात. 'पगाराचे पेमेंट झाले' या रोजच्या वाक्यात ते दोनदा येते.

## मराठीतील आगमन

पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यावर आले. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई व तिचा मुलूख त्यांना दिला, तर १५५९ मध्ये दमण त्यांच्या ताब्यात गेले. वसई आणि दमण यांच्या दरम्यानचा किनारा पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात मोडत असे. केळवे-माहीम, तारापूर आणि डहाणू येथे त्यांचे किल्ले होते. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी हा मुलूख जिंकला. दमण मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले. तलासरीला लागून असलेली नगरहवेली अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १९५४ मध्ये मुक्त झाली. त्यामुळे तलासरी परिसराच्या सीमेवर पोर्तुगीज सत्ता स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे होती.

किल्ले, बंदरे, गलबते, गोद्या आणि चर्च यांच्या कामांसाठी पोर्तुगीजांना स्थानिक शिपाई, खलाशी, सुतार, गवंडी आणि चाकर लागत. या संपर्कातून कामकाज आणि व्यवहार यांविषयीचे अनेक शब्द किनाऱ्यावरील भाषांत आले. कारागिरांच्या प्रमुखाला 'मेस्त्री' म्हणतात. त्याचे मूळ पोर्तुगीज 'मेस्त्रे' आणि त्यामागे लॅटिन 'मागिस्तेर' आहे. 'चावी' हा शब्द 'शावे' वरून आणि त्यामागील लॅटिन 'क्लाविस' वरून आला. 'तुरुंग' हा 'त्रोंको' वरून आला असून त्यामागे खोड या अर्थाचा लॅटिन 'त्रुंकुस' आहे. कैद्याचे पाय अडकवण्याच्या लाकडी खोड्यावरून ते नाव पडले. 'घमेले', 'पिंप' आणि 'परात' हेही पोर्तुगीजमार्गे आलेले शब्द मानले जातात. आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावाचा पायाभूत अभ्यास गोव्यात जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ सेबास्तियांव रुदोल्फ दलगादो यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केला.

इबेरियन लोकांच्या हातून आलेला प्रत्येक शब्द लॅटिन मूळचा असतोच असे नाही. डहाणू-घोलवड परिसराची ओळख बनलेल्या 'चिकू'चे नाव मेक्सिकोतील स्पॅनिशमधून आले असले, तरी त्याचे मूळ नाहुआत्ल या तेथील मूलनिवासी भाषेत आहे. मराठीतील 'लिलाव' पोर्तुगीज 'लेलांव' वरून आला. त्याचे मूळ अरबी आहे.

पोर्तुगीजमध्ये वेतन या अर्थाचे 'पागा' हे नाम असतानाही मराठीत क्रियापदाचे मूळ रूप नाम म्हणून स्वीकारले गेले. याला उच्चाराचा आधार आहे. पोर्तुगीज क्रियापदात आघात दुसऱ्या अवयवावर असून पहिला 'अ' दुबळा उच्चारला जातो. मराठी रूपातही पहिला स्वर ऱ्हस्व आणि दुसरा दीर्घ आहे, शिवाय अखेरचा 'र' टिकून आहे. दोन भाषिक समाज कामापुरती एकमेकांची भाषा बोलतात तेव्हा क्रियापदे बहुधा न चालवता मूळ रूपातच वापरली जातात. दमण आणि रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे आजही बोलल्या जाणाऱ्या पोर्तुगीजजन्य मिश्रभाषांतील क्रियापदे अशाच मूळ रूपांवरून घडली आहेत.

'पगार' हा शब्द कोकणी व गुजराती भाषांतही आहे. महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील डहाणू, तलासरी आणि उंबरगाव या पट्ट्यात मराठी व गुजराती दोन्ही बोलल्या जातात आणि हा शब्द दोहोंत समान अर्थाने चालतो. मराठीत तो इतका रुळला की त्यापासून 'पगारी', 'बिनपगारी', 'पगारदार', 'पगारवाढ' आणि 'पगारपत्रक' असे शब्द सिद्ध झाले. अधिकार गाजवणाऱ्या पण मोबदला न मिळणाऱ्या माणसाला उद्देशून 'बिनपगारी फुल अधिकारी' असे विनोदाने म्हटले जाते.

## मोबदल्याविषयीचे इतर मराठी शब्द

मराठीत कामाच्या मोबदल्यासाठी अनेक शब्द असून प्रत्येकाचा स्रोत वेगळा आहे. 'वेतन' हा संस्कृत शब्द शासकीय व लेखी व्यवहारात वापरला जातो. 'मजुरी', 'रोज' आणि 'तनखा' हे फार्सीतून आले, तर 'मुशाहिरा' या शब्दाचे मूळ अरबी आहे. सामान्यतः दरमहा मिळतो तो पगार, दिवसाच्या हिशोबाने मिळतो तो रोज आणि अंगमेहनतीच्या कामाची ती मजुरी, असा भेद केला जातो.

विनामोबदला सक्तीच्या श्रमासाठीही जुने शब्द आहेत. संस्कृत 'विष्टि' पासून 'वेठ' हा शब्द आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'वेतन' आणि 'विष्टि' या दोन्ही संज्ञा आढळतात. 'बिगार' हा फार्सी 'बेगार' वरून आला. दोन्ही मिळून 'वेठबिगार' हा जोडशब्द झाला. 'पगार' आणि 'बिगार' यांत उच्चारसाम्य असले, तरी त्यांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीही संबंध नाही.

## डहाणू-तलासरी परिसर

### वेठ आणि लग्नगडी

ब्रिटिश काळात ठाणे जिल्ह्याच्या डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील बहुसंख्य वारली कुटुंबांची जमीन सावकार आणि जमीनदार यांच्याकडे गेली. आजचा तलासरी तालुका तेव्हा उंबरगाव तालुक्यात होता. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. पूर्वी स्वतःची असलेली जमीन वारली कुळ म्हणून कसू लागले. खंडाव्यतिरिक्त जमीनदाराच्या शेतावर, वाडीवर आणि घरी त्यांना वेठीने राबावे लागे. पावसाळ्यातील टंचाईत पोटासाठी घेतलेले धान्य, म्हणजे खावटी, पीक आल्यावर वाढीसह परत करावी लागे.

या व्यवस्थेचे सर्वांत कठोर रूप म्हणजे लग्नगडी. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून कर्ज घेतलेला तरुण ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबण्यास बांधला जाई आणि त्याच्या पत्नीलाही तेथे काम करावे लागे. श्रमाची किंमत ठरवणारा आणि हिशोब ठेवणारा सावकारच असल्याने कर्ज क्वचितच फिटे. मुंबई प्रांताच्या सरकारने १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासी भागांची पाहणी करवली. त्यांच्या अहवालात या बंधनाची नोंद आहे.

'पाकारे' या क्रियापदाच्या अर्थाशी ताडून पाहिले असता या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट होते. मोबदला दिल्याने हिशोब पुरा होतो आणि दोन्ही पक्ष परस्परांपासून मोकळे होतात, हे त्या क्रियापदाचे अर्थसूत्र आहे. लग्नगडीच्या बाबतीत श्रम देऊनही हिशोब पुरा होत नसे.

### १९४५ चा उठाव आणि रोजाची मागणी

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातील काही वारली उपस्थित होते. त्यानंतर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली या भागात संघटन सुरू झाले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी या गावी सुमारे पाच हजार वारल्यांची सभा झाली. जमीनदारासाठी वेठ करायची नाही आणि दिवसाला रोख बारा आणे मिळाल्याखेरीज त्याच्या खासगी शेतावर काम करायचे नाही, असे तेथे ठरले. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. रोख रकमेची अट महत्त्वाची होती. धान्य किंवा कर्जातील वजावट या रूपात दिलेला मोबदला हिशोबाच्या वहीतच विरून जाई.

वेठ आणि लग्नगडीची प्रथा थोड्याच काळात मोडली. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या दराचा प्रश्न पुढे आला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, अशी मागणी करून मजुरांनी संप केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारली समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. हा दिवस या भागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याचा वृत्तान्त 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

### कायद्यातील स्थान

किमान वेतन अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला. १९५० मध्ये अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार बिगार आणि तत्सम सक्तीच्या श्रमास मनाई आहे. वेठबिगार पद्धतीचे निर्मूलन करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. त्यानुसार वेठबिगारांची कर्जे रद्द ठरली. १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले श्रम हेही अनुच्छेद २३ च्या अर्थाने सक्तीचे श्रम ठरतात, असा निर्णय दिला. या निर्णयामुळे वेठ ही केवळ मोबदल्याच्या पूर्ण अभावापुरती मर्यादित राहिली नाही. अपुरा मोबदलाही तिच्या कक्षेत आला.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. डहाणू आणि तलासरी हे त्यातील आदिवासीबहुल तालुके आहेत. भातशेती, चिकूच्या वाड्या, वीटभट्ट्या, मासेमारी आणि सीमेपलीकडील औद्योगिक वसाहती ही येथील मजुरीची प्रमुख क्षेत्रे होत.

## व्युत्पत्तीविषयीचे गैरसमज

- मलय व इंडोनेशियन भाषांतही 'पगार' असा शब्द आहे. परंतु त्याचा अर्थ कुंपण असा असून त्याचा पोर्तुगीज क्रियापदाशी संबंध नाही.
- इंग्रजीत जहाजाच्या फटींना डांबर लावण्यासाठीही 'पे' असे क्रियापद आहे. त्याचे मूळ डांबर या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दात आहे.
- लॅटिनमधील 'पेकुनिया' (पैसा) हा शब्द 'पाकारे' च्या कुळातील नाही. तो 'पेकुस' (गुरे) या शब्दापासून आला असून संस्कृत 'पशु' हा त्याचा सजातीय आहे.
- 'सॅलरी' या इंग्रजी शब्दाचा 'पगार'शी संबंध नाही. तो लॅटिन 'सालारियुम' वरून आला असून त्याचे नाते मीठ या अर्थाच्या 'साल' शी आहे.
- इंग्रजीतील 'वेज' (मजुरी) हा शब्द लॅटिन नसून जर्मानिक आहे. त्याचा मूळ अर्थ तारण किंवा हमी असा होता. विवाह करणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद 'वेड' हे त्याच मूळ शब्दापासून आले आहे, कारण विवाह म्हणजे दिलेली हमी, असे मानले जाई.